उसनवारीची वही

पूर्वींच्या घरांतून शेजाऱ्याकडून मोठें पातेलें, पुरणयंत्र किंवा वाटीभर विरजण आणणें यांत कोणी कमीपणा मानीत नसे. कमीपणा होता तो आणलेलें विसरण्यांत. म्हणून जाणत्या गृहिणी फडताळांत एक लहानशी वही ठेवीत आणि कोणाकडून काय आणलें, किती आणलें व केव्हां आणलें, याची तींत नोंद करीत. कार्य पार पडलें कीं वही उघडावयाची आणि एकेक वस्तु ज्याची त्यास पोंचती करावयाची, असा शिरस्ता असे. ती वही आतां बहुतेक घरांतून नाहींशी झाली आहे. परंतु अगदीं निराळ्या अशा एका धंद्यांत ती अद्यापि जिवंत असून तिच्यावांचून त्या धंद्याचें पान हलत नाहीं. तो धंदा म्हणजे संगणकाचे प्रोग्राम बांधण्याचा होय. आणि त्या वहीची ओळख वाचकांस करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा विषय कुटुंबांतील मंडळींसाठीं कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गांवांच्या फलाटांवर सकाळीं उभें राहिल्यास मिळतें. पाठीस पिशवी अडकवून ठाण्यास उतरणारे आणि तेथून ऐरोली, घणसोली, महापे या बाजूची गाडी पकडणारे पुष्कळ तरुण-तरुणी याच धंद्यांत आहेत. त्यांत कोणाचा मुलगा आहे, कोणाची सून आहे, कोणाची भाची आहे. घरीं परतल्यावरहि तीं पडद्यासमोर बसलेलीं दिसतात, आणि ‘हीं मुलें करतात तरी काय?’ असें वडील मंडळी एकमेकांस विचारतात. मीहि तें विचारीत असें. पुढें साठी उलटल्यावर अंबरनाथच्या माझ्या भाचीपाशीं बसून या विद्येचीं पहिलीं अक्षरें गिरविलीं, तेव्हां कांहीं गोष्टी उमगल्या. त्यांतील ज्या घरोघरीं सांगण्याजोग्या आहेत, त्या येथें देतों.

आयते घडविलेले भाग

उल्हासनगरची वस्ती कशी झाली हें या भागांत सर्वश्रुत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं कल्याणजवळ लष्करासाठीं उभारलेल्या छावणींत, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस आसरा मिळाला, आणि ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसून त्यास उल्हास नदीवरून नांव देण्यांत आलें. रिकाम्या हातीं आलेल्या त्या माणसांनीं जे नाना धंदे उभे केले, त्यांत जीनच्या विजारी शिवण्याचा धंदा पुढें विशेष नांवारूपास आला. अशी विजार शिवणारा कारागीर कापड विणीत नाहीं, बटणें ओतीत नाहीं कीं दोरा कातीत नाहीं. हें सर्व तो आयतें आणतो. त्याचें स्वतःचें कौशल्य बेतण्यांत आणि शिवण्यांत असतें.

प्रोग्राम लिहिणाऱ्याचेंहि असेंच आहे. तारखांचें गणित करणें, शब्द वर्णानुक्रमें लावणें, कोष्टकें तयार करणें, घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणें, हीं कामें हजारों प्रोग्रामांस सारखींच लागतात. कोणीतरी तीं एकदां नीट करून ठेवलीं, कीं इतरांनीं तींच घ्यावीं हें उघडच शहाणपणाचें. अशा आयत्या घडविलेल्या भागांच्या संचास त्या धंद्यांत ‘लायब्ररी’ म्हणतात. पुस्तकांच्या कपाटांशीं तिचा संबंध नाहीं. आपला प्रोग्राम ज्या लायब्ररीच्या आधारावर उभा असतो, ती त्याची ‘डिपेंडन्सी’. आपण तिला अवलंबन म्हणूं. या लायब्रऱ्यांपैकीं फार मोठा भाग त्यांच्या कर्त्यांनीं जगास फुकट देऊन टाकलेला आहे.

हे सर्व तुकडे योग्य क्रमानें जुळवून त्यांतून चालता प्रोग्राम सिद्ध करणें, यास बांधणी म्हणतात, आणि तीसाठीं वेगळीं साधनें आहेत. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं ‘मेक’ नांवाचें असें एक साधन केलें. कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे हें त्यास एकदां लिहून दिलें, कीं जें बदललें असेल त्यावर अवलंबणारें तेवढेंच तें पुन्हां बांधून काढतें. मात्र बाहेरची लायब्ररी शोधून आणण्याचें काम माणसासच करावें लागे. तें काम अंगावर घेणारीं साधनें पुढें आलीं. त्यांपैकीं जावा या संगणकभाषेंत काम करणाऱ्यांच्या नित्य परिचयाचें साधन म्हणजे ‘मेव्हन’. त्याची पहिली पक्की आवृत्ति २००४ सालीं निघाली व दुसरी २००५ सालीं. हा शब्द यिद्दिश भाषेंतला असून त्याचा अर्थ जाणकार असा आहे.

गोत्र, नांव आणि आवृत्ति

मेव्हनची वही म्हणजे ‘पॉम’ या नांवाची एक साधी लेखी यादी. आपल्या प्रोग्रामास जें जें उसनें हवें तें तींत लिहावयाचें. प्रत्येक नोंदींत तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे ती लायब्ररी कोणत्या घराण्याची, दुसरी तिचें स्वतःचें नांव आणि तिसरी तिची आवृत्ति. भाचीनें हें सांगितलें तेव्हां मला संकल्पांतील गोत्रोच्चाराची आठवण झाली. जगांत एकाच नांवाचीं माणसें पुष्कळ असतात. गोत्र व नांव दोन्ही उच्चारल्यावांचून नेमका मनुष्य ठरत नाहीं. येथें घराण्याचें नांव बहुधा त्या संस्थेच्या इंटरनेटवरील पत्त्यावरून, तो उलट क्रमानें लिहून, केलेलें असतें. आणि तो पत्ता खरोखरच त्या संस्थेचा आहे याची खात्री पटल्यावांचून मध्यवर्ती भांडारांत त्या नांवानें कोणासहि कांहीं ठेवतां येत नाहीं.

हें मध्यवर्ती भांडार म्हणजे ‘मेव्हन सेंट्रल’. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचें पाणी जसें औद्योगिक विकास महामंडळाच्या नळांतून या पट्ट्यांतील कारखान्यांस आणि कित्येक नगरांस जातें, तसें जगभरचे जावा-प्रोग्रामकार या एकाच सांठ्यांतून लायब्रऱ्या घेतात. एकदां घेतलेली वस्तु आपल्या संगणकावरच्या कोठारांतहि ठेवली जाते, म्हणजे दर वेळीं धरणाकडे धांवावें लागत नाहीं. घरांत भरून ठेवलेल्या हंड्यासारखीच ही सोय. भांडारांत येणाऱ्या वस्तूवर कर्त्याची गुप्तलिपींतील मुद्रा असावी लागते, आणि एकदां प्रसिद्ध झालेली आवृत्ति मागाहून बदलतां किंवा काढून घेतां येत नाहीं. हा शेवटचा नियम किती मोलाचा आहे, तें पुढें कळून येईल.

आवृत्तीचा आंकडा बहुधा तीन भागांचा असतो. चुका दुरुस्त केल्या असतां शेवटचा भाग वाढतो, जुन्यास धक्का न लावतां नवीन भर घातली तर मधला, आणि जुन्या रीतीनें वापरणाऱ्याची अडचण होईल असा पालट केला तर पहिला. ग्रंथांच्या आवृत्त्यांतूनहि असा भेद दाखविला असता, तर आम्हां शिक्षकांचे केवढे कष्ट वांचते! ‘अमुक पुस्तक आणा’ म्हणावें, तों अर्ध्या वर्गाजवळ जुनी आवृत्ति व अर्ध्या वर्गाजवळ नवी, आणि पृष्ठांक कोणाचेच जुळत नाहींत, हा अनुभव कोणत्या मास्तरास नाहीं?

उसन्याचें उसनें

येथवर सर्व सोपें आहे. खरी मेख यापुढें आहे. लग्नाच्या स्वयंपाकासाठीं आपण एक आचारी ठरवितों. तो दोन वाढपी आणतो, वाढप्यांपैकीं एक जण आपल्या गांवचा पाणक्या आणतो, आणि पाणक्याबरोबर त्याचा भाऊ येतो. आपण ठरविला एक. मांडवांत वावरतात चार, आणि कोठीची किल्ली कोणत्या क्षणीं कोणाच्या हातीं असेल तें यजमानास ठाऊक नसतें. लायब्रऱ्यांचें असेंच आहे. प्रत्येक लायब्ररी स्वतः दुसऱ्या लायब्रऱ्यांवर अवलंबून असते, त्या आणखी तिसऱ्यांवर. मेव्हनच्या दुसऱ्या आवृत्तीपासून हें साधन असा सर्व परिवार आपोआप गोळा करून आणूं लागलें. सोय मोठीच झाली; परंतु आपण कोणाकोणास घरांत घेतलें, हें न पाहण्याची संवयहि त्याबरोबरच लागली.

ही गोष्ट मला माझ्याच लहानशा उद्योगांत पाहावयास मिळाली. अनेक वर्षें संस्कृत व मराठी शब्दांचीं टिपणें मीं वह्यांतून केलीं होतीं. तीं वर्णानुक्रमें लावून त्यांचें कोष्टक करावें अशी इच्छा होती. संगणकांत प्रत्येक अक्षरास एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेंत मात्र तो ‘ह’ नंतर. म्हणून नुसत्या क्रमांकांवर विसंबून चालेना. भाषेभाषेच्या रीतीप्रमाणें शब्द लावून देणारी ‘आयसीयू’ नांवाची लायब्ररी आहे, ती घेतली. आणि कोष्टक लिहिण्यासाठीं अपाची संस्थेची ‘पीओआय’ नांवाची लायब्ररी घेतली. माझ्या वहींत नोंदी झाल्या दोन.

मग भाची म्हणाली, “मामा, आतां वंशवृक्ष बघा.” ‘एमव्हीएन’ असें लिहून त्यापुढें ‘डिपेंडन्सी’, मग अपूर्णविराम व मग ‘ट्री’ असा हुकूम दिला, कीं मेव्हन सर्व अवलंबनांचा वृक्ष शाखांसह मांडून दाखवितें. आयसीयूच्या खालीं शाखा नव्हतीच. परंतु पीओआयच्या एका ओळीखालीं दहाहून अधिक नांवें उतरत्या पायऱ्यांनीं लागलीं होतीं. कोणी दाबून ठेवलेल्या फायली उलगडणारें, कोणी एक्सएमएल वाचणारें, कोणी गणितें करणारें. त्यांतील एकहि मीं बोलाविलें नव्हतें. आणि त्या मंडळींत एक नांव असें होतें कीं तें वाचतांच माझ्या कपाळास आठी पडली. तें कां, तें सांगण्यापूर्वीं आणखी दोन गोष्टी सांगणें प्राप्त आहे.

तंटा पडला असतां

घरांत माणसें वाढलीं कीं तंटे आलेच. समजा, आपण घेतलेल्या एका लायब्ररीस तिसऱ्या एका लायब्ररीची पहिली आवृत्ति हवी आहे, आणि दुसऱ्या एकीच्या पोटांतील लायब्ररीस तिचीच दुसरी आवृत्ति हवी आहे. दोन्ही एकत्र नांदूं शकत नाहींत. मग कोणती ठेवावी? मेव्हनचा नियम असा, कीं वृक्षाच्या मुळापासून जी जवळ ती घ्यावी, मग ती जुनी कां असेना. धर्मशास्त्रांत मिताक्षरेनें वारसा ठरवितांना जें निकटतेचें तत्त्व मानलें, त्याचीच ही छाया म्हणावयास हरकत नाहीं. दोघी सारख्याच अंतरावर असल्यास वहींत जिचा मार्ग आधीं लिहिला असेल तिचा मान.

हें ऐकून व्याकरण शिकलेल्या मनुष्यास गंमत वाटल्यावांचून राहणार नाहीं. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांत आरंभींच नियम घालून दिला आहे, कीं तुल्यबल अशा दोन सूत्रांचा विरोध आल्यास जें सूत्र नंतरचें तें चालावें. मेव्हन पहिल्यास मान देतें आणि पाणिनि नंतरच्यास. ‘ग्रेडल’ नांवाचें दुसरें साधन आहे, तें यांपैकीं कांहींच न करतां, सामान्यतः जी आवृत्ति सर्वांत नवी ती उचलतें. यांत बरोबर कोणाचें, हा प्रश्न गौण आहे. नियम आधीं ठरलेला असावा आणि तो वापरणाऱ्यास माहीत असावा, हें मुख्य. तो माहीत नसला म्हणजे प्रोग्राम काल चालत होता आणि आज कां चालत नाहीं, याचा शोध करतां करतां तरुण मंडळींची रात्र सरते. मेव्हनमध्यें यजमानास आपल्या वहींत स्पष्ट लिहून ठेवतां येतें, कीं अमुक लायब्ररी आली तर तिची अमुकच आवृत्ति घ्यावी, किंवा अमक्याबरोबर येणारा तमका नकोच. शहाणे कारागीर असें लिहून ठेवतात.

अकरा ओळींचा आधार

वही न पाहण्याचा परिणाम काय होतो, हें जगास प्रथम ठळकपणें दिसलें तें २०१६ सालीं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या एका संगणकभाषेचें ‘एनपीएम’ नांवाचें भांडार आहे. त्यांत अझर कोचुलू या प्रोग्रामकाराची ‘लेफ्ट-पॅड’ नांवाची अवघ्या अकरा ओळींची एक लायब्ररी होती. शब्दाच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा किंवा शून्यें भरून त्याची लांबी सारखी करणें, एवढेंच तिचें काम. दुसऱ्याच एका लायब्ररीच्या नांवावरून एका कंपनीशीं वाद होऊन भांडाराच्या चालकांनीं तें नांव कंपनीस दिलें, तेव्हां त्यानें रागानें आपल्या सर्व वस्तु ता. २२ मार्च २०१६ रोजीं काढून घेतल्या. त्याबरोबर जगभर मोठमोठ्या प्रोग्रामांची बांधणी एकाएकीं थांबली. ज्यांची थांबली त्यांतील बहुतेकांनीं लेफ्ट-पॅडचें नांवहि ऐकलें नव्हतें. ती त्यांच्याकडे पाणक्याच्या भावासारखी, तिसऱ्या-चौथ्या हातानें आलेली होती. कांहीं तासांत भांडाराच्या चालकांनीं ती वस्तु परत आणली, आणि पुढें वस्तु काढून घेण्याविषयींचे नियम कडक केले. दिलेली आवृत्ति मागें घेतां येऊं नये, या मेव्हन सेंट्रलच्या नियमाचें मर्म आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल.

येथें निदान हेतु दुष्ट नव्हता. २०२१ च्या फेब्रुवारींत अॅलेक्स बिरसान या संशोधकानें निराळाच धोका दाखविला. मोठ्या कंपन्या आपल्या अंतर्गत वापरासाठीं ज्या लायब्रऱ्या करतात, त्यांच्याच नांवाच्या निरुपद्रवी वस्तु त्यानें सार्वजनिक भांडारांत ठेवल्या. कंपन्यांच्या साधनांनीं घरची वस्तु सोडून बाजारांतली तीच नांवाची वस्तु उचलली! अॅपल आणि मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्याहि त्यांतून सुटल्या नाहींत. नुसत्या नांवावर भुलूं नये, गोत्रासकट ओळख पटवावी, हा त्यांतील बोध होय.

डिसेंबर २०२१

आतां त्या आठी पाडणाऱ्या नांवाकडे वळूं. ‘लॉगफोरजे’ ही अपाची संस्थेची लायब्ररी प्रोग्रामाची रोजनिशी ठेवते; कोण आलें, काय मागितलें, काय चुकलें, याची ती नोंद करते. असें काम कोणास लागत नाहीं? त्यामुळें ती असंख्य प्रोग्रामांच्या पोटांत जाऊन बसली होती. २०१३ सालच्या एका आवृत्तींत तिला एक जादा सोय जोडली गेली, आणि त्या सोयींत छिद्र राहिलें. तें असें. देवडीवर कारकून बसला आहे व येणाऱ्याचें नांव वहींत टिपीत आहे, अशी कल्पना करा. एक पाहुणा नांवाच्या जागीं सांगतो, ‘अमुक घरीं जा, तेथें जी चिठ्ठी मिळेल तींत लिहिल्याप्रमाणें कर.’ शहाण्या कारकुनानें तेंच वाक्य वहींत टिपून स्वस्थ बसावें. पण हा कारकून उठून चालूं लागला, आणि परक्याच्या चिठ्ठीबरहुकूम घरच्या तिजोऱ्या उघडूं लागला. लॉगफोरजेचें तसेंच झालें. विशिष्ट अक्षरें नोंदीसाठीं आलीं कीं ती बाहेरून परका प्रोग्राम आणून चालवी.

अलीबाबा कंपनीच्या सुरक्षाविभागांतील चेन झाओजुन यांनीं ता. २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं हा दोष अपाची संस्थेस कळविला. डिसेंबरच्या ९ व १० तारखांस तो जगजाहीर झाला. दोषांची तीव्रता मोजण्याच्या मापावर त्यास दहांपैकीं दहा गुण मिळाले.

आमच्या बदलापूरच्या घरीं त्या आठवड्यांत काय चाललें आहे, तें प्रथम कोणास कळेना. माझा पुतण्या तेव्हां महामारीमुळें घरूनच काम करीत असे. शुक्रवारीं रात्रीं तो जेवतां जेवतां उठला, तो शनिवार-रविवार माडीवरून खालीं फारसा उतरलाच नाहीं. त्याची आई ताट वर नेऊन देई. तिसऱ्या दिवशीं मीं त्यास विचारलें, “अरे, चूक दुसऱ्याची, दुरुस्त केलेली आवृत्तिहि निघाली म्हणतोस. मग ती घातली कीं झालें. जागरणें कशाला?” तो म्हणाला, “काका, घालायला वेळ लागत नाहीं. कोठें घालायची हेंच सांपडत नाहीं.”

त्या एका वाक्यांत सगळें दुखणें होतें. त्याच्या कचेरींत अनेक जुने प्रोग्राम होते. बांधणारे नोकऱ्या सोडून गेलेले. कांहींच्या वह्या अपुऱ्या, कांहींच्या मुळींच नाहींत. प्रत्येक प्रोग्राम उघडून, त्याचा वृक्ष मांडून, कोणत्या फांदीच्या कोणत्या टोंकास लॉगफोरजे लोंबत आहे, हें हातानें शोधावें लागत होतें. हें दुखणें एका कचेरीचें नव्हतें. गूगलच्या मंडळींनीं त्याच महिन्यांत मेव्हन सेंट्रलची पाहणी केली, तेव्हां ३५,००० हून अधिक लायब्रऱ्या, म्हणजे सांठ्याचे शेंकडा आठांहून अधिक, या दोषाच्या छायेखालीं आढळल्या. त्यांपैकीं शेंकडा ऐशींहून अधिक ठिकाणीं दोष एका पायरीहून खोल होता. पुष्कळ ठिकाणीं पांच पायऱ्या, आणि कांहीं ठिकाणीं नऊ पायऱ्या खालीं. भर म्हणून पहिली दुरुस्ती अपुरी ठरली, आणि महिना संपेपर्यंत एकामागून एक चार दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. ज्याची वही चोख होती त्यानें चारहि वेळां एका ओळींतला आंकडा बदलला. ज्याची नव्हती त्यास चारहि वेळां शोध करावा लागला.

माझ्या कोष्टकाच्या वृक्षांत लॉगफोरजेचें नांव दिसलें, तें वाचून आठी कां पडली हें आतां सांगावयास नको. परंतु भाचीनें तेथेंच दाखवून दिलें, कीं पीओआयबरोबर येतो तो त्या घराण्याचा ‘एपीआय’ नांवाचा भाग. दोष होता तो ‘कोअर’ नांवाच्या भागांत, आणि तो माझ्या वृक्षांत नव्हता. एकाच आडनांवाचे दोन भाऊ, त्यांतील एकावर आळ आला म्हणून दुसऱ्यास घराबाहेर काढणें न्यायाचें नव्हे. पण दोघांतील कोण आपल्या घरीं आहे, हें सांगतां आलें तें वृक्ष समोर होता म्हणूनच.

नोंदीचें महत्त्व

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हें वर्ष कोरलेलें आहे. त्या एका नोंदीमुळें साडेनऊशें वर्षांनंतरहि त्या शिलाहारकालीन देवालयाचा काळ ठामपणें सांगतां येतो. दगडावर आंकडा नसता तर पंडित अद्यापि तर्कच करीत बसले असते. प्रोग्रामांचें आयुष्य देवळांएवढें नसलें, तरी ते बांधणाऱ्याच्या नोकरीहून दीर्घ असतें, आणि ते मागाहून येणाऱ्यांस सांभाळावे लागतात.

म्हणून या विद्येंतील जाणत्यांनीं घालून दिलेले नियम आमच्या आजीच्या वहीच्या नियमांहून फार निराळे नाहींत. जें उसनें घ्याल तें लिहा. आवृत्तीचा नेमका आंकडा लिहा. ‘जी नवी असेल ती’ असें मोघम लिहूं नका. मांडवापुरते बांबू आणि कायमचे वासे यांत भेद करा. केवळ चांचणीसाठीं आणलेली वस्तु वहींत तशी नोंदतां येते, म्हणजे ती तयार प्रोग्रामाबरोबर बाहेर जात नाहीं. अधूनमधून वृक्ष मांडून पाहा, जें वापरांत नाहीं तें काढून टाका, आणि दुरुस्त्या निघाल्या कीं त्या सांठूं न देतां घ्या. सरकारांनाहि ही गोष्ट पटली आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनीं मे २०२१ मध्यें काढलेल्या हुकुमांत प्रोग्रामाच्या घटकांची यादी मागण्याची तरतूद होती, आणि आपल्या देशांत सर्ट-इन या सरकारी संस्थेनें २०२४ च्या ऑक्टोबरांत अशा यादीविषयीं मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

तरीहि वही म्हणजे सर्वस्व नव्हे. आपल्याकडे मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मतो असें मानतात, आणि त्यांतील ऋषिऋण ज्ञान देणाऱ्यांचें आहे. लायब्ररी फुकट देणारा दूरचा कोणी अनोळखी मनुष्य हा या नव्या विद्येंतला ऋषिच होय. त्यांतील कित्येक जण आपली नोकरी सांभाळून रात्रीं हें काम करतात. लॉगफोरजे सांभाळणारेहि मूठभर स्वयंसेवकच होते. ‘एक्सझी’ नांवाच्या, दाबून ठेवलेला मजकूर उलगडणाऱ्या एका लायब्ररीचा भार वर्षानुवर्षें जवळ जवळ एकाच थकलेल्या माणसावर होता. मदतीच्या मिषानें कोणी त्याचा विश्वास संपादन केला आणि तींत गुप्त दार बसविलें. संगणकांत प्रवेश मिळण्यास अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या बारीक खुणेवरून आंद्रेस फ्रॉयंड या अभियंत्यानें मार्च २०२४ च्या अखेरीस तें उघडकीस आणलें, म्हणून अनर्थ टळला. ज्याच्या विहिरीचें पाणी सारा गांव पितो, त्याच्या विहिरीचा गाळ काढावयास गांवानें गेलें पाहिजे. कोणी दोष शोधून कळवावा, कोणी दुरुस्ती लिहून पाठवावी, कोणी पैशानें साह्य करावें; आणि फुकट घेऊन पैसा मिळविणाऱ्या कंपन्यांवर तर हा भार प्रथम पडतो.

घरांतील वडील मंडळींस एक विनंति करावीशी वाटते. एखाद्या रात्रीं माडीवर दिवा जळत राहिला आणि मुलगा किंवा सून पडद्यासमोर बसलेली दिसली, तर ती बहुधा दुसऱ्या कोणी न लिहिलेली वही लिहीत असते. तिला जेवलीस का म्हणून विचारावें. आणि सवडीनें, आज कोणाचें काय उसनें आणलेंस, हेंहि विचारावें. सांगतां सांगतां तिची वही एकदां तपासून होईल.